अबोल्याची मांडणी

ठाण्यात उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुण्याची कंत्राटं घेणारा माझा एक मित्र आहे. धंदा सगळा वाऱ्यावरचा, पण त्याचा संसार एका गाळ्यात आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मावतो. एका जातीच्या वस्तू शेजारीशेजारी ठेवाव्यात ही जगाची रीत. इथे आधी कोणाचं कोणाशी पटत नाही ते बघतात. ॲसिडचं नायलॉनच्या दोराशी वाकडं. नुसत्या वाफांनीही दोर हळूहळू कमजोर होतो आणि वरून मात्र तसाच गुटगुटीत दिसत राहतो. म्हणून ॲसिड शेडमध्ये. ब्लीच त्याच्यापासूनही लांब, कारण त्या दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. माझी आजी रॉकेलचा डबा असाच पडवीत, तांदळापासून दूर ठेवायची. तांदूळ फार मनाला लावून घेतो, म्हणायची. ब्लीच मित्र बेताचंच भरतो. उन्हाळ्यात बंद कॅनमध्येही त्याचा आवेश ओसरतो. मायक्रोफायबरची फडकी झाकणाच्या डब्यात, कारण रेतीचा एक कण अडकला की पुसणाराच काचेवर ओरखडे काढतो.

खरा मान दोरांचा. प्रत्येकाला नंबर, वहीत स्वतंत्र पान: जन्म कधीचा, कुठल्या इमारतीवर उतरला, शेवटचा कधी तपासला. पोरगा खाली उतरतो एका दोरावर. दुसरा सोबतीला असतो, आणि त्याच्यावर आयुष्यात एकदाही भार येऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा. इतकी निष्काम नोकरी मी दुसरीकडे पाहिली नाही. शिवाय बहुतेक उत्पादक १० वर्षांची मुदत घालून देतात. कपाटात नुसता पडून राहिलेला दोरही तेव्हा बादच होतो.

बाद दोराचे मित्र स्वतः हातभर तुकडे करतो. अख्खा ठेवला तर घाईच्या सकाळी कोणीतरी तोच खांद्यावर टाकून निघेल, ही धास्ती. पोरं ते तुकडे मागून नेतात. वर बादली बांधायलाही तो ते वापरू देत नाही. स्कूटरवर पोतं बांधायला मात्र खुशाल न्या म्हणतो. पोतं पडलं तर उचलून परत बांधता येतं.