वसुली अधिकारी

जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलांत एक जात वसुली अधिकाऱ्यांची असते. त्यांना कोणी नेमलेलं नसतं आणि वसुली करायची असते ती स्वतःच्याच प्रवासपासाची. मे २०२३ मध्ये तिकडे डॉइशलांडटिकेट नावाचा पास निघाला, महिन्याला ४९ युरो. त्यावर देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि रिजनल गाड्या कितीही वापरा. बऱ्याच विद्यापीठांतल्या मुलांना तो साठ टक्के दरात पडतो, पण पैसे सत्राच्या सुरुवातीलाच कापले जातात. पैसे आधीच गेलेत म्हटल्यावर मराठी माणूस घरात बसेल कसा?

आमचा अधिकारी आखेनला मेकॅनिकलचं मास्टर्स करतो. एका शनिवारी उजाडायच्या आत त्याचा फोन.

"दादा, कोब्लेंझला जाऊन येऊ."

"काय आहे तिथं?"

"ऱ्हाईन आणि मोझेलचा संगम. शिवाय पासात बसतं."

खरं कारण दुसरं होतं, हे सांगायला नकोच.

आयसीई ही वेगवान गाडी पासात बसत नाही. ती कोलोनहून फ्रँकफर्टला तासा-सव्वातासात पोचते, असं मी म्हटलं तर हा म्हणाला, "मग वसूल काय झालं?" आमची गाडी नदीकाठच्या गावागावांत थांबत निघाली. खिडकीबाहेर ऱ्हाईन, तिच्यावरची मालवाहू जहाजं, टेकड्यांवरचे द्राक्षमळे. हा मोबाइलमध्ये डोकं घालून पुढची गाडी कोणत्या फलाटावर लागते ते बघतोय. जर्मन रेल्वेच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरत नाहीत. याच्या हिशेबात गाडी जेवढी रखडेल तेवढी जास्त वेळ बसायला मिळते.

डब्यात फ्रोझन पराठे आणि आईनं पाठवलेलं लिंबाचं लोणचं. पाणी घरच्या नळाचं. मोठ्या स्टेशनांवर स्वच्छतागृहाला युरो मोजावा लागतो, म्हणून तो विधी गाडीतच उरकायचा. तोही पासात बसतो. कोणी सोडून दिलेली प्लॅस्टिकची बाटली दिसली की सॅकमध्ये जाते, कारण दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत. संगमावर सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या घोड्यावरच्या पुतळ्यासोबत एक फोटो झाला आणि आम्ही परतीच्या गाडीला धावलो.

संध्याकाळी कोलोन. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर डोम, म्हणजे तिथलं अवाढव्य कॅथेड्रल. मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत, पण वर जायचं तिकीट वेगळं, त्यामुळे मनोरा खालूनच सुंदर ठरला. बांधकाम १२४८ साली सुरू झालं, मध्ये काही शतकं ठप्प होतं आणि १८८० साली संपलं, हे मी सांगितल्यावर मात्र तो गंभीरपणे ऐकत राहिला. त्याचा थिसिस दुसऱ्यांदा लांबला होता.

मग क्योल्श. कोलोनची ही बिअर २०० मिलिलिटरच्या बारक्या ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की क्योबेस, म्हणजे तिथला वाढपी, न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. पंगतीत जिलबीचा आग्रह थांबवायला ताटावर आडवा हात धरतात, तशी इथं ग्लासावर ती चकती ठेवायची. आमच्या अधिकाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. एवढं अगत्य बघून त्याला भरून आलं. "माणसं चांगली आहेत हो दादा," असं तो प्रत्येक ग्लासाला म्हणत होता. मीही काही बोललो नाही. पासाबाहेरचा आनंद त्याच्या वाट्याला कधी येणार? रेघांवर त्याची नजर गेली तेव्हा चकतीला कुंपण पडत आलं होतं.

क्योबेसनं नेहमीचा प्रश्न टाकला: त्सुझामेन की गेट्रेंट, बिल एकत्र की वेगवेगळं? मित्रांसोबत असताना हा प्रश्न पुरा व्हायच्या आत 'गेट्रेंट' म्हणतो. त्या रात्री त्यानं माझ्याकडे अत्यंत आदरानं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "त्सुझामेन."

स्टेशनवर कळलं की रुळांचं काम चालू असल्यानं आखेनची गाडी अर्ध्या वाटेपर्यंतच आहे आणि पुढे बदली बस. लोक चरफडत होते. बस अंधाऱ्या खेड्यांतून वळणं घेत, कुठल्या कुठल्या गावांच्या स्टेशनांना शिवत चालली होती आणि हा खिडकीला नाक लावून दिवसभरात पहिल्यांदाच बाहेर बघत होता. "दादा, एरवी इकडे कोण आलं असतं? आणि तेही पासावर!"

तोच पास २०२५ मध्ये ५८ युरो झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३. त्यानं यादी करायला घेतली आहे. जर्मनीत राहणाऱ्या ओळखीच्यांनी शनिवारी सकाळी फोन बंद ठेवावेत.