न्यू, ओल्ड आणि ओरिजिनल

राज्य सरकारने 2022 साली कायदा दुरुस्त केला आणि दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. अक्षरं देवनागरी हवीत आणि शेजारच्या दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. मुंबईचे व्यापारी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आले. सप्टेंबर 2023 मध्ये कोर्टाने सांगितलं, दोन महिन्यांत पाट्या बदला. आम्हा धुळेकरांना असल्या भानगडी जमत नाहीत. आम्ही पेंटर बोलावला आणि 'न्यू डिलक्स' असं ठसठशीत देवनागरीत रंगवून घेतलं. पाचकंदिलापासून आग्रा रोडने चालत सुटा, लिपीबद्दल तक्रारीला जागा नाही. सुपर, रॉयल, इम्पोर्टेड, हायटेक, सगळं कसं मायमराठीत.

दुकानदाराला इंग्रजी येतं म्हणून हे होत नाही. गिऱ्हाइकाला येत नाही, म्हणून होतं. पाटीवर 'उत्तम' लिहा, गिऱ्हाईक लगेच विचारणार, 'कशावरून?' 'ताजं' लिहा, तो वास घेऊन बघणार. 'डिलक्स'चा वास कसा घेणार? मराठी विशेषणाला आपल्याकडे पुरावा लागतो, इंग्रजी विशेषण मात्र जन्मतःच जामिनावर सुटलेलं असतं.

त्यातल्या त्यात 'न्यू'ची कथा न्यारी. 'न्यू'चा नव्याशी संबंध नाही, वाटणीशी आहे. बापाचं दुकान असतं, दोन भाऊ एका गल्ल्यावर बसतात, मग बायकांचं पटत नाही (असं भाऊ सांगतात), आणि मधे भिंत उभी राहते. थोरल्याकडे जुनं नाव राहतं, धाकटा त्यालाच 'न्यू' जोडतो. तिकडे पुतण्या वेगळा होतो, तो 'ओरिजिनल' लिहितो. मग थोरल्यालाही नाइलाजाने 'ओल्ड' लावावं लागतं. ज्या घराण्याची वंशावळ काढायला भाट लागला असता, ती एका रांगेतल्या तीन पाट्यांवर वाचता येते. बरं, 'न्यू' एकदा लागलं की निघत नाही. पत्रा गंजतो, मालकाच्या मिशा पांढऱ्या होतात, दुकान 'न्यू'च.

हॉटेलांच्या पाटीवर 'फॅमिली' हे विशेषण आहे, आणि त्याचा अर्थ आत पडदा आहे एवढाच. पडद्याच्या अलीकडे काय चालतं त्याची जबाबदारी पाटी घेत नाही. 'स्पेशल' शेवभाजी मागवली तर तीच शेव, तीच तर्री, वर चार काजू तरंगत येतात. याच खान्देशाने एके काळी डाळीला 'फौजदारी' हे विशेषण लावलं होतं! पहिला घास घेताच कलम कळतं. भरताच्या वांग्याला आम्ही 'सुपर' म्हटलं नाही, 'बामणोदचं' म्हटलं. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेसुद्धा गावाच्या नावावर, 'प्रीमियम' म्हणून नव्हे.

पण विशेषणांचा खरा बाजार भरतो वधू-वर परिचय मेळाव्यात. पुस्तिका उघडा. पूर्वी मुलगी गव्हाळ असायची, सावळी असायची. आता प्रत्येक पानावर 'फेअर, स्मार्ट, होमली'. एका आजीबाईंना हे वाचून दाखवलं तर त्यांनी विचारलं, "होमली म्हंजे काय रे भाऊ?" म्हटलं, घरगुती. "मंग बाकीन्या पोरी काय रस्तावर ऱ्हातस?" यावर संपादक मंडळाकडे उत्तर नाही. अमेरिकेतल्या इंग्रजीत 'होमली' म्हणजे दिसायला बेताची. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाने ती पुस्तिका वाचली, तर खान्देशातले आईबाप किती प्रामाणिक म्हणून त्याचे डोळे पाणावतील.

मुलांच्या पानावर 'वेल सेटल्ड'. जुन्या पत्रिकेत 'बागायती शेती' असायचं. त्या एका शब्दापायी मुलीचा मामा भल्या पहाटे एसटीने निघायचा, शेत गाठायचा, विहिरीत डोकावायचा, खडा टाकून पाण्याचा आवाज ऐकायचा, बांधावरच्या गड्याला विडी देऊन सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते काढून घ्यायचा. दुपारी येऊन सांगायचा, पाणी आहे, पण चुलत्याशी दावा चालू आहे. इंग्रजीत विहिरीलाही वेलच म्हणतात, पण 'वेल सेटल्ड'मध्ये कोणी डोकावत नाही.

आता खुद्द शहराचं बघा. जून 2015 मध्ये केंद्राने शंभर शहरांना 'स्मार्ट' करायची योजना आणली. नाशिकला ते विशेषण मिळालं, सोलापूरला मिळालं. धुळ्याला नाही, जळगावलाही नाही. अन्याय झाला, यात शंका नाही. पण खान्देशी माणूस रडत बसत नाही. सरकारने दिलं नाही तर आम्ही स्वतः घेतलं: स्मार्ट क्लासेस, स्मार्ट टेलर, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल लावलेला 'डॅशिंग, डायनॅमिक, स्मार्ट' भाऊ. भाऊंनी कशाला धडक दिली हे फ्लेक्सवर नसतं. फ्लेक्स ज्या खांबाला बांधलाय त्याचा दिवा मात्र बंद असतो.

ज्या धुळ्याचं कौतुक व्हावं ते विशेषणाविना उभं आहे. 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने इथे पेठ वसवली, सरळ रेषेत रस्ते आखले, आणि तिथल्या गल्ल्यांना आजही नुसते नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. रिक्षावाला चुकत नाही. 1884 साली सरकारी नोकरीला लागलेला विश्वेश्वरय्या नावाचा कोवळा इंजिनिअर खान्देशात आला आणि त्याने पांझरा नदीच्या ओढ्याखालून पाणी नेणारी सायफन नळी बसवली. 'सर' हे त्याच्या नावामागे फार नंतर लागलं, पाणी आधी आलं. आज पांझरेपलीकडे देवपुरात प्लॉट बघायला गेलात तर ब्रोशरवर 'लक्झुरियस' आणि 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलेलं असेल. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, हे मात्र शेजारच्या वहिनींना विचारावं लागेल.

या सगळ्या गर्दीत प्रामाणिक इंग्रजी विशेषण मला एकच सापडलं: 'सेमी'. सेमी इंग्लिश शाळा. अर्धं असल्याचं ती दारावरच कबूल करते.

बाकीच्यांसाठी वाचकांना एवढीच विनंती, की प्लॉट असो, हॉटेल असो की स्थळ, सोबत मामाला न्या. आणि मामाच्या खिशात एक खडा असू द्या.