गाडीखालचे पाय

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, की अनुभवी माणसं त्या पायांशीच बोलायला लागतात. 'मेंटेनन्स भरला का हो?' असं विचारल्यावर उजवा अंगठा हलला, तर भरलाय. दोन्ही पाय एकदम आखडले, तर पाना निसटलाय. या पायांचा मालक आठवडाभर कुठल्याशा ऑफिसात एसीत बसून असतो. त्याच्याकडे जुनी जिप्सी असते आणि ती दोन इंच उंच करण्याचं काम त्यानं घरच्या घरी हाती घेतलेलं असतं. दिवाळीत. आता आंबे आलेत.

जिप्सी बहुधा लष्कराच्या लिलावातली. तो ऑलिव्ह ग्रीन रंग नियमाप्रमाणे संरक्षण खात्यालाच राखीव, म्हणून गाडीला राखाडी रंग दिलेला असतो. पण दार उघडलं की बिजागरीपाशी ती अजून फौजेतच असते. हत्यारं जुन्या बाजारातली, सुटे भाग नाना पेठेतले. लिफ्ट किटचं खोकं मात्र बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी. त्यावर बायकोनं क्रोशाचा रुमाल घातलेला असतो.

आता मूळ काम. जिप्सीला चारही चाकांवर पाटे असतात. पाट्याचं एक टोक चासीला पक्कं आणि दुसरं शॅकलमध्ये झुलतं. ही शॅकल काढून लांब शॅकल लावली, की गाडी वर येते. इतकं सोपं. फक्त शॅकल दोन इंचांनी लांब केली तर गाडी एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही आणि मधल्या ॲक्सलच्या वाट्याला निम्मंच येतं. हे भूमितीचं सत्य त्याला चारही शॅकल बसवून झाल्यावर समजतं. तेव्हापासून तो ते इतरांना अशा सुरात समजावतो, की निम्म्याचीच त्याची मूळ योजना होती.

पण चारही बसायला आधी जुन्या निघाव्या लागतात. तीस वर्षांचा चिखल आणि गंज पोटात घेऊन बसलेला बोल्ट सतराच्या पान्याला दाद देत नाही. मग रॉकेल, मग डब्ल्यूडी-४०, मग पान्याला पाइप लावून जोर, मग घण. घणाचा पहिला ठोका पडला की चौथ्या मजल्यापर्यंत झोपमोड होते आणि टेल्कोतून निवृत्त झालेले काका चहाचा कप घेऊन खाली उतरतात. 'काय हो, आज कोणता पेशंट?' काकांनी हयातभर चारशेसातचे पाटे पाहिलेत. त्यांच्या लेखी जिप्सी म्हणजे खेळणं. 'गरम करा, निघेल.' 'काका, बुश जळेल ना!' 'नाहीतरी बदलणारच आहात.' गाडीखाली शांतता पसरते. युक्तिवाद बिनतोड असतो, पण काकांचं ऐकलं तर काम अर्ध्या तासात संपेल, आणि मग रविवारचं काय करायचं?

मुलगा टॉर्च धरून असतो. 'इकडे नाही, तिकडे. अरे, माझ्या डोळ्यांत नको, बोल्टवर!' एवढ्या संवादावर त्या पोराचं बालपण उभं आहे. बोल्ट अखेर निघतो तेव्हा बाप ज्या कौतुकानं तो गंजका तुकडा हातात फिरवून बघतो, तसं पोराचं प्रगतिपुस्तक त्यानं कधी पाहिलेलं नसतं.

एका बाबतीत मात्र मी त्याला मानतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तो कधी शिरत नाही. आधी चाकांना विटा, मग चासीखाली घोड्या, मग गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघणं. शॅकलचे नट तो गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळतो, कारण हवेत लटकताना आवळले तर रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. पैसे घेऊन काम करणारे कितीजण एवढं पाळतात, देव जाणे.

गाडी इंचभर वर येते. खांबावर खडूनं 'आधी' आणि 'नंतर' अशा रेघा ओढल्या जातात. आणि मग काका वाकून खाली बघतात. 'गोळा कुठंय तिथंच आहे की हो!' खरंच असतो. शॅकल उचलते ती चासी; ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा, जो दगडाला सगळ्यात आधी घासतो, तो चाकांच्या भरवशावर असतो. त्याला उचलायचं तर टायर मोठे हवेत. मग २०५/७०च्या जागी २३५/७५ येतात आणि गोळा सव्वा इंच चढतो. आता स्पीडोमीटरचा काटा पन्नासवर असताना गाडी पंचावन्ननं पळत असते, आणि किलोमीटरही त्याच हिशोबानं कमी पडतात. 'ॲव्हरेज कमी दिसतं, कमी मिळत नाही,' असं तो पेट्रोल पंपावरही सांगतो. वळणावर मोठे टायर मडगार्डला घासतात, म्हणजे गाडी आणखी उचलणं आलं. लांब शॅकलमुळे पुढच्या ॲक्सलचा कोन बदललाय, स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भटकतंय, म्हणजे तेही आलं. मग सगळंच खोलून, ॲक्सलखालचे पाटे ॲक्सलवर बसवायचं ठरतं. त्याला ब्रेकचे लांब पाइप लागतात. नाना पेठेत आता त्याला उधारी मिळते.

मध्यंतरी सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ चिकटवलेलं असतं. नोंदणीच्या कागदावरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, हे लाल पेनानं अधोरेखित. त्यानं नोटीस लक्षपूर्वक वाचली, आणि ती लावलेल्या बोर्डाचा एक स्क्रू ढिला आहे म्हणून तो आवळून दिला.

घरात खरी अडचण आईची. गुडघे दुखतात आणि गाडी आता तिच्या कमरेपर्यंत आलेली. पहिल्या फेरीला सुनेनं देवघरातला चौरंग खाली आणला, काकांनी हात दिला, वॉचमननं दार धरलं आणि आई 'अगं बाई, अगं बाई' करत एकदाची पुढच्या सीटवर विराजमान झाली. किल्ली लावणार तोच तिनं त्याचा हात धरला. कंपाउंडच्या भिंतीवरून तिला पलीकडचा बंगला पहिल्यांदाच दिसत होता. तुळशीवृंदावन, झोपाळा, वाळत घातलेले पापड, सगळं. तिनं पदर सावरून, मान उंचावून, सावकाश बघितलं. 'थांब रे जरा,' ती म्हणाली. 'स्वयंपाकघराची खिडकी अर्धीच दिसतेय. अजून दोन इंच होईल का?'