युनियन हवी की नको? नवोदित वैमानिकांसाठी पाच सोप्या पायऱ्या

अभिनंदन! कमर्शियल पायलट लायसन्स हाती आलं, टाइप रेटिंगही झालं आणि वडिलांनी सही केलेलं कर्ज आपोआप वाढू लागलं. आता एकच प्रश्न उरला: युनियनवाल्या कंपनीत जावं की बिनयुनियनच्या? खालील पायऱ्या क्रमाने कराव्यात.

पायरी १: मुलाखतीतली भाषा ओळखा. ‘आमच्याकडे युनियनची गरजच नाही, आम्ही एक कुटुंब आहोत,’ असं ऐकू आलं की नम्रपणे विचारा, घर सोडायला नोटीस किती? २०१७ पासून सरकारी नियम असा: कमांडरला एक वर्ष, को-पायलटला सहा महिने. एकट्याने वाटाघाटी करणाऱ्याचं एकमेव हत्यार म्हणजे ‘मी चाललो’ हे वाक्य. ते उच्चारल्यावर तुम्हा को-पायलटांना सहा महिने रोज त्याच साहेबाला गुड मॉर्निंग म्हणायचं असतं. सराव करून ठेवा.

पायरी २: युनियन असेल तर ‘किती?’ असं विचारा. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. वैमानिकांच्या संघटना मात्र दोनच राहिल्या. २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन दहा दिवस संपावर गेली. मागणी काय, तर पलीकडच्यांइतका पगार द्या. २०१२ मध्ये पलीकडची, म्हणजे जुन्या एअर इंडियावाल्यांची, इंडियन पायलट्स गिल्ड ५८ दिवस संपावर गेली. तिचं म्हणणं, नव्या ड्रीमलाइनर विमानाचं प्रशिक्षण अलीकडच्यांना देऊ नका. सरकारने गिल्डची मान्यता काढून घेतली आणि शंभरेक वैमानिकांना बडतर्फ केलं. एकजूट उत्तमच, ती नेमकी कोणाविरुद्ध आहे, एवढं तपासून घ्या.

पायरी ३: वेळेवर आजारी पडायला शिका. जेट एअरवेजमध्ये वैमानिकांनी युनियन काढली आणि कंपनीने युनियन काढणाऱ्यांना काढलं. सप्टेंबर २००९ मध्ये शेकडो वैमानिक एकदम आजारी पडले. या साथीचं निदान कोणत्याच डॉक्टरला झालं नाही, पण काढलेल्यांना परत घ्यायचं ठरताच ती पाचेक दिवसांत आटोक्यात आली.
टीप: हे औषध प्रत्येक रोगावर चालत नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेटची सगळी विमानं जमिनीवर आली, तेव्हाही युनियन होतीच; काही महिन्यांचा पगार तरीही थकला. मालकाशी भांडता येतं, रिकाम्या तिजोरीशी नाही. तेव्हा युनियनची घटना वाचण्याआधी कंपनीचा ताळेबंद वाचा.

पायरी ४: टंचाईची वाट पाहा. आयर्लंडच्या रायनएअरने ३२ वर्षं एकाही युनियनला उंबरठा ओलांडू दिला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये वैमानिकांच्या सुट्ट्यांचा हिशेब चुकला, हजारो उड्डाणं रद्द करावी लागली आणि नाताळाच्या तोंडावर संपाची वेळ आली. डिसेंबरात कंपनीने युनियनला मान्यता देण्याची तयारी दाखवली. हृदयपरिवर्तन बहुधा वैमानिक कमी पडले की होतं. वैमानिक मुबलक असतील तेव्हा तत्त्वांवर व्याख्यान देऊ नका, ड्युटीवर जा.

पायरी ५: दुसऱ्याच्या युनियनचा लाभ घ्या. ही सर्वांत स्वस्त पायरी. थकवा घालवण्यासाठी नवे नियम हवेत म्हणून वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यातून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. झोप मात्र सर्वांनाच मिळाली: पावती फाडणाऱ्यालाही आणि ‘मी राजकारणात पडत नाही’ म्हणणाऱ्यालाही. नियम पूर्ण लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला वैमानिक पुरेनात आणि एकाच दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. मग विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने कंपनीलाच काही काळ रात्रीच्या नियमांतून सूट दिली. म्हणजे मिळालेली झोप राखायलाही कोणीतरी जागं राहावं लागतं.

निष्कर्ष: पाचही पायऱ्या केल्यावर जी कंपनी आधी बोलावेल तिथे रुजू व्हा, कर्जाचा हप्ता युनियन आहे की नाही हे विचारत नाही. फक्त पहिल्या पगारातून एखाद्या वैमानिक संघटनेची वर्गणी भरा. कंपनीत युनियन नसेल, तर आधी भरा.