तसा स्टेबल आहे

आमच्या सोसायटीचे खजिनदार बँकेत नोकरी करतात, चतुर्थी पाळतात आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतात. पहिल्या दोन गोष्टींचा अजून कुणाला त्रास झालेला नाही.

ही जमात ओळखणं सोपं. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायमचं काढलेलं, त्याच्यासमोर टेबलफॅन, आणि घरात दुसरा टेबलफॅन नाही. 'यावर काम काय करता?' असं विचारलं की गडबडतात. ही माणसं कॉम्प्युटरवर काम करत नाहीत, कॉम्प्युटरचं करतात.

प्रोसेसरला कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, हा नाद मुळात फुकटाचा. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला, ३०० मेगाहर्ट्झचा. बसचा वेग ६६ वरून १०० केला की तो बहुतेक वेळा ४५० वर पळायचा, आणि त्या वेगाचा पेन्टियम टू घ्यायचा तर कितीतरी पट पैसे मोजावे लागत. भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या मागाव्यात आणि अख्खी जुडी पिशवीत पडावी, तसं झालं. त्या पिढीतली माणसं अजून सावरलेली नाहीत. खजिनदार तेव्हा कॉलेजात होते. लॅमिंग्टन रोडवरून सेलेरॉन आणल्याची हकीगत ते कोंढाणा घेतल्याच्या थाटात सांगतात.

आता इंटेलचा, नावापुढे 'के' अक्षर असलेला प्रोसेसर जास्त पैसे देऊन घ्यावा लागतो, तेव्हा कुठे वेग वाढवण्याची मुभा मिळते. वर त्याच्या तोलामोलाचा मदरबोर्ड, भलाथोरला कूलर, दणकट पॉवर सप्लाय. फुकटचा एक गिगाहर्ट्झ एकूण कितीला पडला, असं मी विचारलं. सोसायटीचा पै-पैचा हिशेब ठेवणारा हा माणूस म्हणाला, 'तसं बघायला जाऊ नये.'

जानेवारीत १.२५ व्होल्टवर साडेचार गिगाहर्ट्झ गाठल्याचा फोटो त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली एकाने चुकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. जरा लवकर झालं, इतकंच.

एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला आणि स्क्रीन निळी पडू लागली. वेग वाढवल्यावर बिघाड झाला, तर तुम्हीआम्ही वेग कमी करून बघू. ओव्हरक्लॉकर तेवढं सोडून सगळं करतो. पहिला संशय रॅमवर. एकेक पट्टी काढून रात्र-रात्र मेमटेस्ट लावली. रॅम निर्दोष सुटली. मग पॉवर सप्लाय, मग नुकतंच येऊन बसलेलं अपडेट, मग घरात येणारी वीज, आणि सरतेशेवटी वहिनींचा मिक्सर. चटणी वाटायला परवानगी लागू लागली. वहिनींनी माळ्यावरचा पाटा खाली काढला आणि पहाटे, खजिनदारांचा नुकता डोळा लागलेला असताना, त्या वाटायला बसू लागल्या.

रात्री जागायचं ते प्राइम९५ साठी. जॉर्ज वोल्टमन नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी हा प्रोग्रॅम लिहिला तो अवाढव्य मर्सेन मूळ संख्या शोधायला. त्यातले गुणाकार प्रोसेसरला असे पिळून काढतात, की गणिताशी काडीचा संबंध नसलेले लोक तो निव्वळ छळासाठी वापरतात. त्यातल्या सोयीचं नावच मुळी टॉर्चर टेस्ट आहे. उत्तर पूर्णांकापासून किती ढळलं हे प्रोग्रॅम मोजत राहतो. एका रात्री त्याने कळवलं, की फरक ०.४ पेक्षा कमी हवा होता, तो ०.५ आला. खजिनदारांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, 'मार्चच्या मेन्टेनन्समध्येही चारशे रुपये जुळत नव्हते.' ते म्हणाले, 'ते राउंडिंग हो!'

त्यांच्याकडे उतारा एकच, व्होल्टेज. १.२५ चं १.३५ केलं. वाढ आठच टक्के. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वेग तोच ठेवूनही ती सतरा टक्क्यांच्या आसपास चढली. गरम झाला म्हणून अडखळतो, अडखळतो म्हणून व्होल्टेज वाढवायचं, वाढवलं की आणखी गरम. मग कूलर उपसून नवी थर्मल पेस्ट. ती तांदळाएवढी लावावी की वाटाण्याएवढी, यावरून या जमातीत दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. एकदा तर मशीन सुरूच होईना. तेव्हा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून त्याला सगळं विसरायला लावलं. खजिनदार मात्र काही विसरले नव्हते. सगळे आकडे जुन्या पासबुकाच्या मागे लिहून ठेवलेले होते.

मे महिन्यात टेस्ट रात्रभर चालली. एकही चूक नाही. मला जिन्यात पेढा मिळाला. 'आता कसा आहे?' 'तसा स्टेबल आहे.' त्याच सकाळी वहिनींनी लाइट बिलाची पीडीएफ उघडली आणि स्क्रीन निळी.

खजिनदार अजिबात डगमगले नाहीत, उलट खुललेच. हातात काम नसलं की प्रोसेसर वेग उतरवतो, त्याबरोबर व्होल्टेजही. गरमी आटोक्यात यावी म्हणून त्यांनी उणे ऑफसेट लावला होता, म्हणजे प्रत्येक वेगाला मिळणारं व्होल्टेज थोडं खाली ओढलं होतं. भार असताना लोडलाइनच्या सेटिंगने व्होल्टेज सावरून धरलं; निवांत वेळी सावरायला कुणी नव्हतं. 'म्हणजे बघा, कामाने काही होत नाही त्याला,' ते म्हणाले, 'रिकामा बसला की बिघडतो.'

'घरातलंच वळण,' वहिनी म्हणाल्या.

पुढे मुलाचं कॉलेजचं सबमिशन आलं. वहिनींनी स्वतः समोर बसून सगळी सेटिंग मूळ पदावर आणवली. तेव्हापासून मशीन एकदाही बंद पडलेलं नाही, आणि खजिनदार संध्याकाळी कट्ट्यावर नुसतेच बसलेले दिसतात. परवा त्यांनी मला जिन्यात अडवलं.

'तुमचा प्रोसेसर के आहे का हो?'

बघून सांगतो म्हटलं. घरी येऊन पाहिलं. के आहे. सध्या मी लिफ्ट वापरतो.