पेन्सिलीला नारळ

चौथी संपून पाचवी लागली की पोराच्या हाती पेन येतं आणि पेन्सिलीला नारळ मिळतो. काही शाळा हा समारंभ तिसरीतच उरकतात. त्या दिवशी पोरगं असं काही चालतं, जणू तहसीलदार म्हणून नेमणुकीचा कागदच खिशात आहे. पेन्सिल चुकणाऱ्यांची, पेन मोठ्यांचं, हे आपणच त्याच्या मनावर ठसवलेलं असतं.

प्रत्यक्षात ज्यांची चूक सगळ्यांत महाग पडते, तीच मोठी माणसं पेन्सिल सोडत नाहीत. हे मुलांना सांगायला तक्ते कशाला हवेत? घरात फर्निचरचं काम निघालं की मुलाला सुतारासमोर बसवावं. काम दिवाळीच्या तोंडावर काढलं असेल तर उत्तमच. ते दिवाळीनंतरही चालू राहतं आणि अभ्यासक्रम पूर्ण होतो.

सुताराच्या कानावरची पेन्सिल चपटी असते, कारण गोल पेन्सिल फळीवरून गडगडत थेट कपाटाखाली जाते. शिसं जाड असतं. खरबरीत लाकडावर बारीक टोकाचा निभाव लागत नाही. टोक काढायला पटाशी. मग फळीला गुण्या लावायचा, एक डोळा बारीक करायचा आणि एका दमात रेघ मारायची. एकदा शेजारच्या, पहिलीत शिकणाऱ्या बाईसाहेब हे सगळं गंभीरपणे बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "काका, तुमचं खोडरबर कुठंय?"

"हे काय," म्हणून सुतारकाकांनी रंधा उचलून दाखवला आणि रेघेवरून एकदा फिरवला. रेघ गायब. "पण बाळा, हे करवत चालवायच्या आधी. नंतर देव आला तरी खोडता येत नाही."

बाईसाहेबांनी त्याच संध्याकाळी आईकडे रंधा मागितला.

जुन्या हस्तलिखितांच्या दालनात तर अनेक ठिकाणी नामवंत अभ्यासकांचं पेनही दारातच ठेवून घेतात. आत पेन्सिल घेऊन जायचं, कारण तीनशे वर्षांच्या कागदावर शाईचा थेंब पडला तर कुणाची विद्वत्ता तो पुसू शकत नाही. घरातही पेन्सिलीला कामं आहेत. पावसाळ्यात कुलूप अडखळू लागलं तर शिशाची भुकटी किल्लीला चोळून फिरवावी; तेलासारखी ती धूळ धरून बसत नाही. दप्तराची चेनही अशीच सरसर चालू लागते.

चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्यांना टूबी, सिक्सबी ही पेन्सिलमंडळी ओळखीची असतात. हा मऊ-कडकपणा येतो कुठून, त्याची गोष्ट अशी. फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध जुंपलं आणि तिकडचं उत्तम ग्रॅफाइट मिळेनासं झालं, तेव्हा निकोला-जाक काँते याने १७९५ मध्ये ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मळून तिच्या कांड्या भट्टीत भाजल्या. माती जास्त तितकी पेन्सिल कडक, म्हणजे एच. माती कमी तितकी मऊ आणि काळी, म्हणजे बी. शाळेतली एचबी या दोन्हींच्या मध्ये.

कोऱ्या पेन्सिलीच्या बुडाकडे निरखून पाहिलं तर लाकडात एक सांधा दिसतो. खाचा पाडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये शिसं ठेवून त्या चिकटवतात, मग एकेक पेन्सिल कापून काढतात. आपल्याकडच्या कित्येक पेन्सिलींसाठी या पट्ट्या काश्मीरच्या पुलवामातून, पॉप्लरच्या लाकडाच्या येतात. पेन्सिल बाकावरून पडली की वरून धड दिसते, पण आत शिशाचे तुकडे झालेले असतात. म्हणून टोक काढावं तर ते मोडतं, पुन्हा काढावं तर पुन्हा मोडतं. समस्त आयांना विनंती, की अशा वेळी "मुद्दाम मोडतोस!" म्हणून पाठीत धपाटा घालू नये. फार तर पेन्सिल पाडल्याबद्दल घालावा.

आणि पाचवीत पेन जरूर द्या, कौतुकाने द्या. फक्त कंपासपेटीतली पेन्सिल काढून घेऊ नका. दहावीला बोर्डाच्या पेपरातही आकृती पेन्सिलीनेच काढायची असते.