जावईबापूंचं वेळापत्रक

रेइने, लोफोटेन बेटं, नॉर्वे
७ जून, रात्रीचे साडेबारा

ती. आई-बाबांस सा. न.

आम्ही पोचलो. रात्र आहे हे घड्याळ सांगतंय म्हणून मानायचं, कारण बाहेर लख्ख उजेड आहे. सूर्य समोरच्या डोंगरामागे गेलाय, पण मावळलेला नाही. इथे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो मावळतच नाही. आई, तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, नखं कापू नयेत, हे तुझे सगळे नियम इथे दीड महिना रजेवर असतात.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता ना, युरोपात सगळं घड्याळाच्या काट्यावर चालतं? तुमच्या जावयांचाही तोच समज. त्यांनी फेब्रुवारीतच एक्सेलमध्ये तक्ता केला होता. कोपनहेगनहून ऑस्लोला रात्रीची बोट, तिथून ट्रॉनहाइमला आगगाडी, पुढे बूडोला रात्रीची गाडी आणि बूडोहून परत बोट. विमानाने झटकन आलो असतो, पण मग तक्त्यात भरायचं काय?

पहिल्या बोटीचं विशेष काही नाही. आमची खोली मोटारींच्या मजल्याच्याही खाली, बिनखिडकीची. थालीपिठं खाल्ली आणि झोपलो.

ऑस्लोहून गाडी अगदी वेळेवर सुटली. बाबा, एवढं तुमचं खरं. पण लिलेहामरला, म्हणजे १९९४ चं हिवाळी ऑलिंपिक झालं त्या गावात, सगळ्यांना खाली उतरवून बसमध्ये बसवलं. पुढे रुळांची कामं चालू! बर्फ वितळला की इथे दुरुस्तीला ऊत येतो म्हणे. एवढ्या लांब येऊन शेवटी मेगाब्लॉकच नशिबी. विरार लोकलमध्ये जन्म काढल्यामुळे मी निवांत होते, हे मात्र तक्त्याकडे असे बघत होते जसं काही घरात कुणी आजारी पडलंय.

बसचे ड्रायव्हर निघाले पाकिस्तानातल्या खारियांचे. ऑस्लोत त्यांच्या भागातले पुष्कळ लोक आहेत. "बैठो बेटी, पहुँचा दूँगा" म्हणाले आणि लताबाईंची गाणी लावली. बाहेर नदी, हिरवी दरी, लाल घरं, आत लता. मागे बसलेलं जर्मन जोडपं ताल धरायला लागलं. तेवढ्या गप्पांच्या नादात ह्यांची बॅग बसच्या पोटातच राहिली. सगळे गरम कपडे तीत, आणि आई, तुझं मेतकूटही. बॅग नाही हे कळलं तेव्हा आम्ही ट्रॉनहाइमच्या फलाटावर धापा टाकत रात्रीच्या गाडीत चढत होतो.

ही गाडी ७२९ किलोमीटर उत्तरेला जाते आणि वाटेत साल्टफ्येलच्या पठारावर आर्क्टिक वृत्त ओलांडते. रुळांच्या बाजूला दगड रचून खूण केलेली आहे. तिचा फोटो काढायचा म्हणून हे रात्रभर कॅमेरा मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. पहाटे म्हणाले, "पाच मिनिटं डोळे मिटतो," आणि उजेड नको म्हणून गाडीत मिळालेली काळी पट्टी डोळ्यांवर ओढली. जूनमध्येही आजूबाजूला बर्फ, गाडी हळू झाली, सगळा डबा खिडक्यांना चिकटला आणि आपले जावई पट्टीखाली घोरत होते. मी उठवलं नाही. फोटो मी काढला, त्यांचा.

बूडोहून मोस्केनेसला तीन-साडेतीन तासांची बोट. वारा सुटलेला. मी अर्नाळ्याची, मला पाळण्यात घातल्यासारखं झालं. सोलापूरच्या माणसाने लहानपणी पाणी बघितलं ते टँकरमधलं. समोर समुद्रातून सरळ वर आलेली डोंगरांची भिंत दिसायला लागली, तिच्याकडे पाठ करून ते बोटीच्या कठड्याला धरून उभे होते, माझी शाल पांघरून. उतरल्यावर एक लोकरीचा स्वेटर घेतला. किंमत फोनवरसुद्धा विचारू नका.

पण आई, खरं तुला सांगायचं ते पुढेच आहे. गावात शिरताना वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. सुक्या मासळीचा! लाकडी मांडवांवर कॉड टांगलेला, रांगाच्या रांगा. आपल्याकडे बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात, इथे शेपटीला शेपटी बांधून जोडीने. मीठ नाही, काही नाही, फेब्रुवारीपासूनची थंड हवा तेवढी. सडेल इतकं ऊन नाही, गोठून दगड होईल इतकी थंडी नाही, आणि माश्याही नाहीत. जूनमध्ये माल उतरवतात, म्हणून शेवटचे मांडव आम्हाला बघायला मिळाले. मुंडकी वेगळी ओवलेली. ती नायजेरियाला जातात आणि उत्तम माल इटलीला. १४३२ साली क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून जवळच्या रोस्ट बेटावर लागला, कोळ्यांनी त्याला सांभाळलं, आणि ही मासळी त्याच्याबरोबर इटलीला पोचली. आमची घरमालकीण सांगत होती, कॉडच्या जिभा कापायचं काम मुलांचं, पैसे त्यांचेच. तिने पहिली सायकल त्यातून घेतली. मी तिला आपले मांडव फोनवर दाखवले, तर बाई चष्मा लावून बोंबलाचे जबडे निरखत बसली. हे मात्र नाकाला रुमाल लावून बाहेर.

एक तुकडा डोंबिवलीच्या मैत्रिणीबरोबर पाठवतेय. आठवडाभर भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, मग आपला मसाला नि चिंच घालून कर. बाबांनी कोयत्याने तोडायला जाऊ नये, कोयता जाईल.

तुमची,
मनू

ता. क. (सकाळी): बॅग ऑस्लोला सापडल्याचा फोन आला. आत काही फुटलंय का असं मी विचारलं, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, पिवळ्या पावडरीबद्दल त्यांनाच आम्हाला काही विचारायचंय.